मापांत पाप नको : स्पीकर कोठें ठेवावा?

बाजारांत धान्य घेतांना आपली दृष्टि प्रथम काट्याकडे जाते. काटाच खोटा असेल, तर दुकानदार कितीहि सचोटीचा असला तरी व्यवहार खोटा होतो. 'मापांत पाप' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत रूढ झाला तो याच अनुभवावरून. कापडाला गज आहे, दुधाला लिटर आहे. तसें आवाजाला कांहीं माप आहे काय? आहे. गाणें ध्वनिमुद्रित करून तें नीटनेटकें करणारा मनुष्य ज्या दोन स्पीकरांतून तें ऐकतो, तेच त्याचें माप होय. नवलाची गोष्ट अशी कीं, हें माप खरें आहे कीं खोटें हें स्पीकरांच्या किंमतीवर जेवढें अवलंबून असतें, त्याहून कांकणभर अधिक तें स्पीकर कोठें ठेविले आहेत यावर अवलंबून असतें. हाच विषय विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गांवीं या विषयाचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. प्रयोजन आहे. ध्वनिमुद्रणाचें काम पूर्वीं मुंबई-पुण्याच्या मोठ्या स्टुडिओंतच होत असे. आज एक संगणक, एक मायक्रोफोन व दोन स्पीकर एवढ्या सामग्रीवर घरच्या खोलींत तें करतां येतें. भजनी मंडळाचा अभंग, कीर्तनकाराचें निरूपण, शाळेच्या संमेलनांतील गीत, हें सर्व आपलीं मुलें मोठ्या हौसेनें मुद्रित करितात. लवकरच मुलाची तक्रार येते, "बाबा, हे स्पीकर बरोबर नाहींत, याहून भारी घेऊं या." आणि बाप बिचारा उसनवारीचा विचार करूं लागतो. अशा पालकांस आम्ही नेहमीं एकच प्रश्न विचारतों : घरांत आहेत ते स्पीकर ठेविले कोठें आहेत? उत्तर बहुधा ठरलेलें असतें. एक कपाटावर आणि दुसरा खिडकीच्या फळीवर. अथवा दोन्ही भिंतीच्या कोपऱ्यांत दाटून बसविलेले. अशा स्थितींत भारी स्पीकर आणला, तरी खोट्या काट्याला चांदीचें पारडें लावल्यासारखेंच होईल.

खोट्या मापानें काय हानि होते तें पाहा. काटा वजन जास्त दाखवीत असेल तर गिऱ्हाइकाच्या पदरीं माल कमी पडतो. तसेंच एखादी खोली खर्ज फुगवून ऐकवीत असेल, तर तींत बसून काम करणारा मुलगा 'खर्ज फार झाला' असें समजून तो कमी करितो. त्याच्या खोलींत गाणें छान वाटतें; पण तेंच गाणें मामाच्या घरीं, मोटारींत अथवा देवळाच्या मंडपांत लाविलें कीं पखवाजाची थाप पोकळ व गायकाचा आवाज किरटा लागतो. त्यानें लबाडी केली नाहीं. त्याच्या कानांतहि दोष नाहीं. मापच खोटें होतें. आणि गाणें पुन्हां गातां येतें, परंतु कांहीं आवाज पुन्हां मिळत नाहींत. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि पुढें त्यांतील पुष्कळ ओव्या त्या बायांच्याच आवाजांत ध्वनिमुद्रित झाल्या. आपल्या घरांतहि अशी एखादी आजी असेल. तिचा आवाज जपून ठेवावयाचा तर तो जसा आहे तसाच ऐकूं आला पाहिजे.

खोली आवाजांत आपली भर घालते, हें आपल्याला नवें नाहीं. आपल्या गांवच्या नीलकंठेश्वराच्या दगडी देवळांत घंटा वाजविली म्हणजे तिचा नाद किती वेळ घुमत राहतो! तीच घंटा शेतांत वाजविली तर नाद लवकर विरून जातो. घंटा बदलली नाहीं, जागा बदलली. विजापूरच्या गोल घुमटाच्या सज्जांत एका बाजूस भिंतीशीं केलेली कुजबुज समोरच्या बाजूस ऐकूं येते. तीहि त्या गोल भिंतीचीच करामत होय. या गोष्टीचें शास्त्र प्रथम नीट बसविलें तें अमेरिकेंतील हार्वर्ड विश्वविद्यालयाचे अध्यापक वॉलेस सेबाइन यांनीं. तेथील एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात व कोणास कांहीं समजत नसे. १८९५ सालीं सेबाइन यांच्याकडे तें काम सोंपविण्यांत आलें. रात्रीच्या निवांत वेळीं दुसऱ्या नाट्यगृहांतील खुर्च्यांच्या गाद्या तेथें वाहून नेऊन, ऑर्गनची एक नळी वाजवून, नाद विरण्यास किती वेळ लागतो हें ते मोजीत असत. खोली जितकी मोठी तितका नाद अधिक टिकतो, आणि मऊ व शोषक वस्तु जितक्या अधिक तितका तो लवकर विरतो, हा नियम त्यांना सांपडला. आपल्याच मुंबईंत १९८० सालीं उघडलेलें टाटा थिएटर ध्वनिशास्त्रज्ञ सिरिल हॅरिस यांच्या सल्ल्यानें बांधलें गेलें. तेथें गायकाचा आवाज यंत्राच्या मदतीवांचून श्रोत्यांपर्यंत पोंचावा, अशी योजना केलेली आहे.

आपल्या भागांतील घरांचाहि या दृष्टीनें विचार केला पाहिजे. जुन्या माळवदाच्या घरांत मातीनें लिंपिलेल्या खडबडीत भिंती, वर लांकडी तक्ते, आणि खोलींत धान्याचीं पोतीं, वाकळा, वळकट्या असा पसारा असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत अशीं जड छपरांचीं दगडमातीचीं घरें कोसळून हजारों माणसें दगावलीं. त्यानंतर लोकांनीं सिमेंटचीं मजबूत घरें बांधिलीं, तें योग्यच झालें. परंतु गुळगुळीत गिलावा, चकचकीत फरशी व सपाट स्लॅब अशा रिकाम्या खोलींत टाळी वाजवून पाहावी; तिच्यामागून एक झणझणीत शेपूट ऐकूं येतें. अशा खोलींत स्पीकर विचारपूर्वक ठेवणें अधिकच अगत्याचें आहे.

आतां मूळ कारणाकडे वळूं. आवाज हवेंतून दर सेकंदास सुमारें ३४५ मीटर वेगानें जातो. स्पीकरमधून निघालेला कांहीं आवाज सरळ आपल्या कानीं येतो. उरलेला भिंती, छत, जमीन व टेबल यांवर आपटून किंचित् उशिरा येतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत मोजावा लागतो. हेल्मुट हास यांनीं १९५१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें कीं, इतका अल्प उशीर झाला असतां आपल्याला दोन आवाज निरनिराळे कळत नाहींत. ते एकच भासतात, आणि जो अगोदर आला त्याच्याच दिशेनें तो आवाज आला असें मन ठरवितें. म्हणून भिंतीवरून येणारा आवाज 'प्रतिध्वनि' म्हणून ओळखूं येत नाहीं. तो मूळ आवाजांत गुपचूप मिसळून त्याचा रंग बदलून टाकतो.

पहिला नियम त्रिकोणाचा. भूमितींतील समभुज त्रिकोण विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. दोन कोनांवर दोन स्पीकर व तिसऱ्यावर ऐकणाराचें डोकें, अशी मांडणी करावी; तिन्ही अंतरें सारखीं असावीं आणि दोन्ही स्पीकरांचीं तोंडें ऐकणाराकडे वळलेलीं असावीं. इंग्लंडांत ॲलन ब्लुमलाइन यांनीं १९३१ सालीं ज्या स्टीरिओ पद्धतीचें पेटंट मागितलें, तिचें मर्म असें कीं, दोन स्पीकर मिळून मधल्या मोकळ्या जागेंत आवाजाचें चित्र उभें करूं शकतात. गायक मधोमध, तबला थोडा डावीकडे, पेटी थोडी उजवीकडे. स्पीकर फार जवळ आणले तर हें चित्र आकसतें. फार दूर नेले तर मध्यें भगदाड पडतें. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षां फूटभर जवळ असला, तर त्याचा आवाज सेकंदाच्या सुमारें हजाराव्या हिश्शानें अगोदर येतो, आणि तेवढ्यानेंच मधला गायक उठून त्या बाजूस जाऊन बसतो! म्हणून अंदाजावर न राहतां सुताराची टेप घेऊन मोजावें.

उंचीचेंहि तसेंच आहे. स्पीकरमधील लहान पडदा, ज्यास ट्वीटर म्हणतात, तो कानाच्या पातळींत असावा. कारण तार स्वर प्रकाशाच्या झोताप्रमाणें सरळ जातात, बाजूला फारसे पसरत नाहींत. आपल्याकडे पुष्कळ जण खुर्चीवर न बसतां बैठक मारून काम करितात. त्यांनीं खुर्चीच्या मापानें केलेला उंच स्टँड वापरूं नये. आपल्या बसण्याच्या रीतीप्रमाणें जमिनीपासून कानाची उंची मोजून घ्यावी व स्पीकर त्या उंचीवर आणावा.

दुसरा नियम भिंतीचा. खर्जाचे स्वर तार स्वरांसारखे सरळ जात नाहींत. ते स्पीकरच्या चहूंबाजूंस, मागेंहि, पसरतात. मागची भिंत ते परत पाठविते. स्पीकर भिंतीला लागून असला म्हणजे परतलेला खर्ज मूळ खर्जांत मिळून तो वाढतो. कोपऱ्यांत तर दोन भिंती व जमीन मिळून तो आणखीच फुगवितात. मग भिंतीपासून दूर न्यावा, तर दुसरी अडचण उभी राहते. काळी एक पट्टींत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचीं सेकंदास सुमारें ६९ कंपनें होतात. त्या लहरीची लांबी पांच मीटर भरते. स्पीकर भिंतीपासून सव्वा मीटर, म्हणजे सुमारें चार फूट पुढें असला, तर मागें जाऊन परत येणाऱ्या लहरीला अडीच मीटर अधिक चालावें लागतें. ही बरोबर अर्धी लहर झाली. पुढची लहर चढत असतां मागची उतरते, आणि दोघी एकमेकींस खाऊन टाकतात. वरचे उपस्वर राहतात, पण खर्जाचा मूळ स्वर अशक्त होतो. म्हणून लहान खोलींत मधल्या अंतराच्या मोहांत न पडतां स्पीकर मागच्या भिंतीजवळच, फूटभर अंतरावर, ठेवावा. आणि वाढलेला खर्ज कमी करण्याची कळ पुष्कळ स्टुडिओ-स्पीकरांच्या पाठीमागें असते, तिचा उपयोग करावा. कोपरा मात्र कटाक्षानें टाळावा.

तिसरा नियम खोलीच्या मापांचा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें आवाज झोंपाळ्यासारखा हेलकावे घेतो. भिंतींतील अंतराच्या दुप्पट लांबीची लहर तेथें नेमकी बसते व घुमूं लागते. दहा फूट अंतराला ही लहर सेकंदास सुमारें ५७ कंपनांची असते. आपल्याकडे दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोल्या सर्रास बांधितात. त्यांत लांबी, रुंदी व उंची तिन्ही मिळून एकाच स्वराला घुमवितात. ध्वनीच्या दृष्टीनें याहून वाईट खोली नाहीं. आम्हीं विद्यार्थ्यांसह अशा एका खोलींत प्रयोग करून पाहिला. मोठा स्पीकर कोपऱ्यांत ठेवून संगणकावरून ५७ कंपनांचा एकच स्वर चालू ठेविला, आणि मुलांना भिंतीपासून खोलीच्या मध्याकडे हळूहळू चालत जावयास सांगितलें. भिंतीपाशीं आवाज छातींत भरत होता. मध्यावर येतांच तो जवळजवळ नाहींसा झाला. स्वर तोच, स्पीकर तोच, केवळ पांच पावलांचा फरक! मुलांनीं हें एकदां कानांनीं अनुभविल्यावर फळ्यावर आकृति काढून समजावण्याची फारशी गरज उरली नाहीं. घरीं हा प्रयोग करणारांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून इतका खोल स्वर निघत नाहीं.

यावरून बसावयाची जागा ठरते. मागच्या भिंतीला टेकून बसूं नये, तेथें खर्ज अवाजवी वाढतो. लांबीच्या मध्यावरहि बसूं नये, तेथें तो बुडतो. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या शंभर भागांपैकीं अडतिसाव्या भागाच्या सुमारास बसावें, असा एक अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. रुंदीच्या बाबतींत मात्र मध्यावरच बसावें लागतें, कारण डावी व उजवी बाजू सारखी राखणें त्याहून महत्त्वाचें आहे. उदाहरणार्थ, खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे असें समजूं. स्पीकर दहा फुटी भिंतीपाशीं ठेवावे, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेनें जाईल. दोघांचीं तोंडें भिंतीपासून एक फूट पुढें, दोघांमध्यें चार फूट अंतर, आणि प्रत्येक स्पीकर आपल्या बाजूच्या भिंतीपासून तीन फूट. आतां समभुज त्रिकोण पुरा करावयाचा तर डोकें समोरच्या भिंतीपासून सुमारें साडेचार फुटांवर येतें. आणि बारा फुटांचा अडतिसावा भागहि तितकाच भरतो. सुरुवात येथून करावी, मग चार-सहा बोटें पुढेंमागें सरकून कानानें परीक्षा घ्यावी.

चौथा नियम आरशाचा. ऐकणारानें जागेवर बसावें आणि धाकट्या भावानें किंवा बहिणीनें बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा. आरशांत जेथें स्पीकर दिसेल, तेथूनच त्याचा आवाज परावर्तित होऊन कानीं येतो, असें समजावें. त्या जागीं जाड वाकळ अथवा कापसाची गादी टांगावी. ती भिंतीला न चिकटवितां चार बोटें अंतर ठेवून टांगली तर अधिक काम देते. पुष्कळ जण भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवितात. त्यांनीं फारसें कांहीं शोषिलें जात नाहीं, मात्र धूळ व आगीचें भय वाढतें. सगळ्या भिंती पातळ कापडानें मढविणेंहि चुकीचें. तेणेंकरून तार स्वर मरतात व खर्ज तसाच घुमत राहतो. खर्जाची लहर लांब असल्यामुळें तिला आवरावयास जाडीच हवी. कोपऱ्यांत छतापर्यंत रचलेल्या गाद्या कांहीं उपयोगीं पडतात, पण खरा उपाय म्हणजे स्पीकरची व बसण्याची जागा नीट निवडणें हाच.

आणखी चार किरकोळ सूचना. टेबलावर ठेविलेला स्पीकर टेबलासहि थरथरवितो. म्हणून त्याखालीं शहाबादी फरशीचा तुकडा व त्याखालीं रबराचे चार तुकडे घालावे. दोन्ही स्पीकरांच्या तांबड्या व काळ्या तारा सारख्या जोडल्या आहेत कीं नाहीं हें पाहावें; एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या असतील तर खर्ज उडतो व मधला आवाज कोठून येतो हेंच कळत नाहीं. याची परीक्षा सोपी आहे : दोन्ही स्पीकरांतून एकाच मनुष्याचें बोलणें सारखें लावावें व डोळे मिटावे, तो मनुष्य बरोबर दोघांच्या मधोमध बोलत आहे असें वाटलें पाहिजे. शेवटची सूचना आवाजाच्या पातळीची. फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ मध्यें दाखवून दिलें कीं, हळू आवाजांत आपल्या कानाला खर्ज कमी ऐकूं येतो, मोठ्या आवाजांत अधिक. म्हणून काम करतांना आवाज घडोघडी कमीजास्त करूं नये. सहज संभाषण करतां येईल अशी एक पातळी ठरवून तीच ठेवावी. मोठ्या आवाजांत गाणें नेहमींच चांगलें भासतें, आणि कानाची इजा तर कायमची असते. गेलेली श्रवणशक्ति कोणत्याहि दुकानीं विकत मिळत नाहीं.

एवढें सगळें केलें म्हणजे घरची खोली मोठ्या स्टुडिओसारखी होईल, असा आमचा दावा नाहीं. थोडें खोटें माप उरतेंच. शहाणा सोनार आपला तराजू दुसऱ्या वजनांशीं ताडून पाहतो, तसें आपलें काम मोबाइलवर, हेडफोनवर व शेजारच्या घरींहि ऐकून पाहावें. आपली खोली कोठें व किती फसविते हें ज्याला कळलें, तो निम्म्याहून अधिक फसगत टाळतो.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें भारी स्पीकरचा हट्ट धरला तर त्यास रागावूं नये, आणि लगेच पैसेहि देऊं नयेत. त्याच्या हातीं टेप, आरसा व दोन जुन्या वाकळा द्याव्या आणि एक रविवार त्याच्याबरोबर खोलींत घालवावा. त्यानंतरहि उणीव राहिलीच, तर खर्च करण्यास कारण तरी मिळेल. आणि विद्यार्थिमित्रहो, प्रामाणिकपणें ऐकण्याची इच्छा असणें पुरेसें नाहीं. आपण जेथें बसून ऐकतों ती जागाहि प्रामाणिक असावी लागते. गणिताचा ताळा, प्रयोगशाळेंतील तराजू, दोन माणसांच्या भांडणाचा निवाडा, सर्वत्र हाच नियम लागू आहे. दुसऱ्याचा आवाज चुकला असें म्हणण्यापूर्वीं आपण तो कोठें बसून ऐकत आहों, हें एकदां मोजून पाहावें.